रोम ते लिस्बन : तीन तासांचे विमान आणि पिंगळीहून मांडलेला हिशेब

ख्रिस्तसभेच्या २०२५ च्या पवित्र वर्षाची सांगता ६ जानेवारी २०२६ रोजी झाली. त्या दिवशी रोम येथील संत पेत्राच्या महामंदिराचे पवित्र द्वार बंद करण्यात आले. वर्ष संपले म्हणून रोमची ओढ काही संपत नाही. आयुष्यात एकदा तरी प्रेषितांच्या कबरींपाशी गुडघे टेकावेत आणि एवढे दूर गेलोच आहोत तर त्याच प्रवासात पोर्तुगालमधील फातिमा मातेच्या चरणीही जाऊन यावे, अशी इच्छा अनेक कुटुंबे वर्षानुवर्षे मनात बाळगून असतात. त्यासाठी पै-पै साठवली जाते. फातिमाला जावयाचे तर रोमहून विमानाने लिस्बन गाठावे लागते. मग साहजिकच प्रश्न येतो, रोमपासून लिस्बन किती लांब आणि विमानाला किती वेळ लागतो?

उत्तर एका ओळीत देता येते. अंतर सुमारे १,८५० कि.मी. आणि वेळ सुमारे तीन तास. हे उत्तर खरे आहे. तरीही एवढ्याच उत्तराच्या भरवशावर जो तिकिटे काढील त्याचे पुढचे विमान हातचे जाण्याचा संभव आहे. ही दोन साधी आकडेवारी कशी तयार होते, तिच्यात काय धरलेले असते आणि काय धरलेले नसते, हे यात्रेकरूने आधी समजून घेतलेले बरे. म्हणून हा लेख.

हिशेबासाठी आम्ही निघण्याचे ठिकाण म्हणून पिंगळी हे गाव घेतले आहे. कुडाळजवळचे, कळसूत्री बाहुल्यांसाठी आणि चित्रकथीसाठी प्रसिद्ध असलेले पिंगुळी ते नव्हे. हे परभणी जिल्ह्यातील पिंगळी, परभणीहून पूर्णेकडे निघालेल्या रेल्वेचे छोटेसे स्थानक. यात्रांची पत्रके बहुधा मुंबई-वसईच्या वाचकांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिली जातात. त्यांत प्रवासाची सुरुवात मुंबईच्या विमानतळावर होते. मराठवाड्यातील भाविकाचा प्रवास मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतातील गावे कशी दूरदूर विखुरलेली आहेत, हे तेथे राहणाऱ्यांना सांगावयास नको.

प्रथम अंतराचा विचार करू. रोम आणि लिस्बन यांमधील १,८५० कि.मी. हे अंतर कोणत्याही रस्त्यावर मोजलेले नाही. पृथ्वीच्या गोलावर दोन गावांवर बोटे ठेवून त्यांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो दोरा जेवढा भरेल तेवढे हे अंतर. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० कि.मी. असल्याने गोलावरील एक अंश म्हणजे साधारण १११ कि.मी. होतात, आणि दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश ठाऊक असले की दोरा न ताणताही हे अंतर गणिताने काढता येते. विमानाचे अंतर म्हणून सगळीकडे जे छापले जाते ते हेच.

जमिनीवरून जाणाऱ्याला मात्र ही सरळ रेषा उपयोगाची नाही, कारण दोन्ही शहरांच्या मध्ये भूमध्य समुद्र पसरलेला आहे. इटलीचा किनारा धरून उत्तरेस जावयाचे, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याने स्पेनमध्ये शिरावयाचे आणि बार्सिलोना, माद्रिद करीत पोर्तुगाल गाठावयाचे, असा मोठा वळसा पडतो. मोटारीने हे अंतर सुमारे २,५०० कि.मी. भरते. विमान सार्डिनिया बेट आणि स्पेन ओलांडून जवळजवळ सरळ जाते. तरी तेही दोऱ्यावरून जात नाही. हवाई वाहतुकीचे ठरलेले मार्ग, वादळे, वर्ज्य केलेले प्रदेश यांमुळे प्रत्यक्ष उड्डाणात थोडीफार भर पडतेच.

अशीच गोष्ट आपल्या घराजवळची आहे. परभणी आणि मुंबई ही दोन्ही ठिकाणे १९ अंश उत्तर अक्षांशाच्या पट्ट्यात, जवळजवळ एकाच आडव्या रेषेवर आहेत. सरळ अंतर साधारण ४१० कि.मी. पण आगगाडी परभणीहून वायव्येकडे औरंगाबाद (२०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर) करीत मनमाडपर्यंत वर चढते आणि तेथून नाशिकमार्गे पुन्हा खाली मुंबईकडे उतरते. अंतर होते सुमारे ५५० कि.मी. रोम-लिस्बनच्या रस्त्याने समुद्राला वळसा घातला, आपल्या रेल्वेने इतिहासाला. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी ही रेल्वे निजामाच्या राज्यात १९०० सालच्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे या नावाने सुरू झाली. ती मीटरगेज होती आणि तिला मनमाडला मोठ्या रेल्वेशी जोडायचे होते, मुंबईला सरळ नेऊन पोहोचवायचे नव्हते. १९९० च्या दशकात रूळ रुंद होईपर्यंत परभणीकडच्या माणसाला मनमाडला गाडी बदलावी लागत असे. आमच्या वडीलधाऱ्यांना ते मनमाडचे फलाट आणि डोक्यावरची वळकटी अजून आठवते.

आता विमानाच्या वेळेकडे वळू. मोठे जेट विमान उंचावर गेल्यावर ताशी ८०० ते ९०० कि.मी. वेगाने जाते. त्या वेगाने १,८५० कि.मी. अंतर सव्वादोन तासांच्या आसपास कापले जावयास हवे. मग तिकिटावर तीन तास का? कारण तिकिटावरचा वेळ केवळ आकाशातला नसतो. विमान आपल्या जागेवरून हलले, त्या क्षणापासून ते दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी येऊन थांबले, त्या क्षणापर्यंतचा सारा वेळ त्यात धरतात. मोठ्या विमानतळावर धावपट्टीपर्यंत रांगेने सरकण्यातच पंधरा-वीस मिनिटे सहज जातात. वर चढताना आणि खाली उतरताना वेग कमी असतो. शिवाय गर्दीमुळे होणारा थोडा उशीर पोटात घालता यावा म्हणून विमान कंपन्या वेळापत्रकात काही मिनिटे आधीच राखून ठेवतात. म्हणूनच कधी कधी उशिरा सुटलेले विमानही वेळेवर पोहोचल्याची घोषणा होते आणि प्रवासी वैमानिकाचे कौतुक करतात!

घरच्या घरी अंदाज काढावयाचा झाल्यास एक सोपी रीत आहे. अंतराला ८०० ने भागावे आणि आलेल्या वेळेत अर्धा तास मिळवावा. रोम-लिस्बनसाठी या रीतीने दोन तास पन्नास मिनिटांच्या आसपास उत्तर येते. ज्यांची मुले किंवा भावंडे आखातात नोकरीस आहेत त्यांना आणखी सोपे माप सांगता येईल. मुंबई ते दुबई हे सरळ अंतर सुमारे १,९३० कि.मी. आहे, म्हणजे रोमहून लिस्बनला जाणे हे जवळजवळ मुंबईहून दुबईला जाण्यासारखेच. ज्यांना फातिमाऐवजी लूर्दला जावयाचे आहे त्यांच्यासाठी अंतर बरेच कमी आहे. रोमपासून लूर्द सरळ रेषेत सुमारे १,००० कि.मी. भरते. मात्र थेट विमान मिळेलच असे नसते आणि एकदा विमान बदलावे लागले की अंतराचा फायदा बहुतांशी निघून जातो.

या रीतीत वारा धरलेला नाही, हे लक्षात ठेवावे. मध्य अक्षांशांवर, साधारण ९ ते १२ कि.मी. उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचे झोत वाहतात आणि हिवाळ्यात ते अधिक जोरदार असतात. रोमहून लिस्बनला जाणारे विमान पश्चिमेकडे, म्हणजे वाऱ्याच्या तोंडी जाते. परतणारे वाऱ्याच्या पाठीवरून येते. म्हणून जाताना तीन तास लागले तर येताना पावणेतीन ते दोन तास पन्नास मिनिटे लागतात. मुंबई-रोम या सुमारे ६,२०० कि.मी. च्या लांब पल्ल्यावर हाच फरक ठळक होतो. सरळ गेल्यास जाताना साडेआठ-नऊ तास आणि येताना साधारण तासभर कमी. देशादेशांतील तणावाचाही वेळेवर परिणाम होतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमान कंपन्यांसाठी बंद केले, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या त्यांच्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला आणि प्रवास लांबले. नकाशावरचे अंतर एका कि.मी. ने वाढले नव्हते.

येथवरचा भाग समजण्यास सोपा आहे. खरा गोंधळ होतो तो घड्याळाचा. तिकिटावर सुटण्याची वेळ त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे आणि पोहोचण्याची वेळ दुसऱ्या शहराच्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते. लिस्बनचे घड्याळ रोमच्या घड्याळापेक्षा एक तास मागे असते. म्हणजे रोमहून सकाळी १० वाजता निघालेले विमान तीन तासांनी पोहोचले, तरी लिस्बनला तेव्हा दुपारचे १२ च वाजलेले असतात. कागदावर दोन तासांचाच प्रवास दिसतो. परतीला याच्या उलट. दुपारी १ वाजता लिस्बनहून सुटलेले विमान दोन तास पन्नास मिनिटांत रोमला येते. पण रोमचे घड्याळ तेव्हा ४ वाजून ५० मिनिटे दाखवीत असते. कागदावर जवळजवळ चार तास!

ही नुसती गंमत नाही. समजा, एखाद्या कुटुंबाने लिस्बन-रोम आणि रोम-मुंबई अशी दोन वेगवेगळी तिकिटे काढली आणि दुसरे विमान संध्याकाळी साडेसहाचे घेतले. ‘एकला निघालो, तीन तास लागतात, म्हणजे चारला पोहोचू, मध्ये अडीच तास आहेत’, असा त्यांचा हिशेब. प्रत्यक्षात हाती एक तास चाळीस मिनिटे उरतात. तिकिटे वेगळी असली की सामान स्वतः उतरवून घ्यावे लागते, ते घेऊन पुन्हा दुसऱ्या खिडकीवर रांग लावावी लागते, त्यानंतर सुरक्षातपासणी आणि युरोप सोडतानाची पारपत्राची तपासणी. परदेशी विमानांचे सामान स्वीकारणे बहुधा उड्डाणाच्या तासभर आधी बंद होते. चाळीस मिनिटांत हे सारे उरकणे धडधाकट माणसालाही जमणार नाही. गुडघेदुखीच्या आजी बरोबर असतील तर बोलावयासच नको. विमान चुकले तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे गेलेच म्हणून समजावे, कारण पहिल्या कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नसतो. सगळा प्रवास एकाच तिकिटावर घेतला तर मधले विमान चुकल्यास पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीवर राहते. थोडे पैसे अधिक पडले तरी वृद्धांबरोबर जाणाऱ्यांनी एकाच तिकिटाचा आग्रह धरावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

घड्याळांचा हा फरक येतो कोठून? पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. रोम आणि लिस्बन यांच्या रेखांशांत साडेएकवीस अंशांहून थोडा अधिक फरक आहे. त्यामुळे सूर्य लिस्बनच्या माथ्यावर रोमपेक्षा जवळजवळ दीड तास उशिरा येतो. व्यवहारासाठी मात्र देश पूर्ण तासांचा फरक पसंत करतात. त्यातही माणसाची मर्जी चालते. १९९२ ते १९९६ या काळात पोर्तुगालने मध्य युरोपाचे घड्याळ स्वीकारले होते आणि तेव्हा रोम-लिस्बन यांची वेळ एकच होती! हिवाळ्यात सकाळी फार उशिरापर्यंत अंधार राहू लागला तेव्हा तो प्रयोग सोडून देण्यात आला. आपल्याकडेही असे झालेले आहे. भारताची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली. तरी मुंबईने तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली आपली ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. आज पिंगळी आणि मुंबई यांचे घड्याळ एक आहे, सूर्य मात्र एक नाही. रेखांशात चार अंशांचा फरक असल्याने पिंगळीत सूर्योदय मुंबईच्या साधारण सोळा मिनिटे आधी होतो.

युरोपात मार्चच्या अखेरच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी पुन्हा मागे घेतात. इटली व पोर्तुगाल हे एकाच वेळी करीत असल्याने त्यांच्यातील एक तासाचा फरक बाराही महिने कायम राहतो. भारताशी असलेला फरक मात्र बदलतो. रोम हिवाळ्यात आपल्या साडेचार तास मागे असते आणि उन्हाळ्यात साडेतीन. लिस्बन हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार. गावी फोन करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, नाहीतर रात्री नऊला जेवण आटोपून लिस्बनहून केलेला फोन पिंगळीत उत्तररात्री दीड-अडीचला खणखणेल आणि घरच्यांच्या काळजात धस्स होईल.

रेखांशाचा हा प्रश्न आपल्या भाषेला अगदी जवळचा आहे, आणि त्याचे कारण हाच रोम-लिस्बन मार्ग. मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचणारे फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. १५७५ साली ते रोम येथे येशूसंघात दाखल झाले, पुढे लिस्बनला गेले आणि ४ एप्रिल १५७९ रोजी तेथून जहाजाने निघून २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास पोहोचले. सुमारे दोनशे दिवस. गोव्यास आल्यावर काही आठवड्यांतच त्यांनी आपल्या वडिलांना या सफरीचे वर्णन करणारे पत्र लिहिले. ते पत्र आजही उपलब्ध आहे. उत्तर-दक्षिण जाताना आकाशातील खुणांवरून आपण कोठे आहोत ते कळते, पण पूर्व-पश्चिम जाताना आधाराला धरता येईल असा एकही स्थिर बिंदू आकाशात नाही, ही खलाशांची अडचण त्यांनी त्यात नेमकी नोंदवली आहे. ती अडचण अचूक घड्याळाची होती. निघालेल्या बंदराची वेळ जहाजावर जपून ठेवता आली असती, तर स्थानिक दुपारशी तिची तुलना करून रेखांश काढता आला असता. लाटांवर हेलकावे खातानाही वेळ न चुकवणारे घड्याळ तयार व्हावयास अठरावे शतक उजाडावे लागले. पुढे स्टीफन्स मराठी शिकले आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातील राशोल येथे छापले गेले.

त्यांच्या आधी चार दशके संत फ्रान्सिस झेवियर याच वाटेने आले होते. मार्च १५४० च्या मध्यास पोर्तुगालच्या राजदूताबरोबर ते रोमहून निघाले आणि आल्प्स पर्वत ओलांडून, फ्रान्स व स्पेनमार्गे जूनच्या अखेरीस लिस्बनला पोहोचले. आज तीन तासांत होणाऱ्या या टप्प्याला त्यांना साडेतीन महिने लागले. रस्त्याचे अंतर २,५०० कि.मी. धरले तर सरासरी दिवसाला जेमतेम २४ कि.मी. पडतात, पिंगळीहून परभणीला जाऊन परत यावे, साधारण तेवढे. पुढे ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज वाऱ्याची संधी हुकल्याने मोझांबिकला कित्येक महिने अडकून पडले आणि ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. तेरा महिने. लिस्बनची जहाजे मार्च-एप्रिलमध्येच का सुटत, याचे उत्तर आपल्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात आहे. आफ्रिकेचे टोक वळसा घालून ऐन वेळी हिंदी महासागरात पोहोचले तरच हा वारा त्यांना भारताच्या किनाऱ्याकडे ढकलीत आणी. उशीर झाला की पुढच्या हंगामाची वाट पाहावयाची. विमानाच्या वेळापत्रकातली पंधरा मिनिटांची वारेखोट त्यापुढे काहीच नव्हे.

आता पिंगळीपासूनचा हिशेब मांडू. पिंगळीला लांब पल्ल्याच्या बहुतेक जलद गाड्या थांबत नाहीत, म्हणून आधी परभणी गाठावयाचे. परभणीहून मुंबईस रेल्वेने दहा ते बारा तास, म्हणजे बहुधा एक रात्र. मुंबईत उतरल्यावर सामानासह सहारच्या विमानतळापर्यंत दीड-दोन तास धरावेत. गर्दीच्या वेळी तेवढेही पुरत नाहीत. परदेशी विमानासाठी तीन तास आधी हजर राहावयाचे. गाडी उशिरा आली तर काय, म्हणून मध्ये आणखी पाच-सहा तास हाताशी हवेतच. म्हणजे मुंबईच्या धावपट्टीवरून विमान उठेपर्यंत घर सोडून जवळजवळ एक अहोरात्र झालेली असते, आणि तोपर्यंत सरळ रेषेत कापलेले अंतर असते अवघे सव्वाचारशे कि.मी.! नंतर आखाती शहरात विमान बदलून रोमला जाण्यास, मधल्या थांब्यासह, बारा ते अठरा तास. रोमचे मुख्य विमानतळ फ्युमिचिनो शहरापासून सुमारे ३० कि.मी. दूर आहे. लिस्बनचे विमानतळ त्या मानाने शहरातच आहे, पण फातिमा तेथून आणखी सुमारे १२५ कि.मी. उत्तरेस, बसने साधारण दीड तास. या सर्वांत रोम-लिस्बनचे तीन तास हा सर्वांत सुखाचा तुकडा आहे.

विमानाने मुंबई गाठण्याचाही विचार अवश्य करावा. पिंगळीपासून नांदेड सुमारे पन्नास-साठ कि.मी. आहे. तेथील विमानतळावरून ‘उडान’ योजनेखाली एप्रिल २०१७ मध्ये हैदराबादची सेवा सुरू झाली, पुढे ती बंद पडली, नंतर दुसऱ्या कंपनीच्या सेवा आल्या. ही सेवा अशी सुरू-बंद होत राहिली असल्याने सहा महिने आधी आखलेल्या यात्रेचा सारा भार तिच्यावर टाकणे आम्हांला शहाणपणाचे वाटत नाही. तिकीट मिळाले तर उत्तम. पण मुंबईस एक दिवस आधी पोहोचण्याचा बेत सोडू नये. हैदराबादहून परदेशी विमान पकडणे हाही एक पर्याय आहे आणि परभणी-नांदेडकडच्यांना तो पुष्कळदा विसरून जातो. रेल्वेने तेथे जाताना मनमाडचा वळसा पडत नाही.

रोम ते लिस्बन या टप्प्यावर पारपत्राची तपासणी बहुधा होत नाही, कारण इटली व पोर्तुगाल दोन्ही शेंगेन करारात आहेत आणि एकाच व्हिसावर दोन्हीकडे जाता येते. तरी पारपत्र जवळ हवेच. ते हॉटेलात ठेवून निघू नये. व्हिसाचा अर्ज ज्या देशात अधिक दिवस मुक्काम आहे त्या देशाकडे करावयाचा असतो. तिकीट स्वस्त दिसले की विमानतळाचे नावही वाचून घ्यावे. रोमला चाम्पिनो नावाचे दुसरे विमानतळ आहे. एका ठिकाणी उतरून दुसऱ्या ठिकाणाहून पुढचे विमान असेल तर घड्याळाचा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

अंतराच्या आकड्याचा एक उपयोग फार थोड्यांना ठाऊक असतो. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमाप्रमाणे (क्रमांक २६१) संघातील विमानतळावरून निघणाऱ्या प्रवाशाचे विमान ऐन वेळी रद्द झाले, किंवा न्यायालयाच्या २००९ च्या निर्णयानुसार तीन तास वा अधिक उशिरा पोहोचले, तर त्याला भरपाई मागता येते. प्रवासी कोणत्या देशाचा नागरिक आहे, हे पाहिले जात नाही. भरपाईची रक्कम अंतरावर ठरते, आणि ते अंतर आपल्या दोऱ्याच्याच रीतीने मोजतात. १,५०० कि.मी. पर्यंत २५० युरो. संघातल्या संघात त्याहून लांब असेल तर ४०० युरो. रोम-लिस्बन १,८५० कि.मी. असल्याने ४०० युरोंच्या गटात बसते, रोम-लूर्द २५० च्या. वादळ, विमानतळ बंद पडणे अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांसाठी ही रक्कम मिळत नाही, पण तेव्हाही जेवणाची आणि गरज पडल्यास मुक्कामाची सोय कंपनीने करावयाची असते. २०२५ मध्ये या नियमात बदल करण्याची चर्चा युरोपीय संघात झाली; म्हणून निघण्यापूर्वी त्या वेळचा नियम पाहून घ्यावा. विमानात चढताना मिळालेला कागद फाडून टाकू नये. भरपाईचा अर्ज घरी परतल्यावरही करता येतो, आणि तेव्हा तोच कागद मागतात.

परतीच्या गाडीचे आरक्षण करताना एवढे पाहावे. युरोपहून येणारी पुष्कळ विमाने मुंबईस मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे उतरतात, आणि तिकिटावर तेव्हा दुसऱ्या दिवसाची तारीख लागलेली असते; बारीक अक्षरातील ‘+१’ ही खूण तिच्यासाठी असते. रविवारी दुपारी रोमहून निघालेला यात्रेकरू सोमवारी पहाटे मुंबईत असतो. परभणीकडची गाडी सोमवारची काढावी, रविवारची नव्हे, आणि शक्य तर संध्याकाळची.